बंदराच्या गावात पाण्यावरून शिरलाय का कधी? अनुभव सांगा

शहापूरचा

नमस्कार मंडळी. आपण बेळगाव, खानापूर, निपाणीकडची माणसं, समुद्र काय आपल्याला लांब नाही. चोर्ला घाट उतरला की गोवा, आंबोली उतरली की सावंतवाडी-वेंगुर्ला, अनमोडनं गेलं की फोंडा नाहीतर कारवार. शनिवारी रात्री ठरतं आणि रविवारी दुपारी पोरं वाळूत लोळत असतात. पण गेल्या फेब्रुवारीत एक गोष्ट झाली ती अजून मनातून जाईना, म्हणून हा धागा काढतोय.

वेंगुर्ल्याला मी लहानपणापासून किती वेळा गेलो त्याला मोजमाप नाही. एसटी स्टँड, बाजार, मासळीचं जेवण, किनाऱ्यावर तासभर, परत. या वेळी ओळखीच्या एका मासेवाल्यांच्या घरी लग्नाला गेलो होतो, तर त्यांचा धाकटा म्हणाला पहाटे होडी जाणार आहे, येताय का. गेलो. बंदरावरून काळोखातच निघालो, चांगले दोन-अडीच तास पाण्यात होतो, जाळं ओढून झालं आणि परत फिरलो तेव्हा उजाडत होतं. समोर टेकडी, टेकडीवरचा दिवा, खाली धक्का, मागं माडांची रांग, माडांतनं कौलं डोकावतायत आणि त्या सगळ्याच्या पाठीमागं निळा सह्याद्री, म्हणजे आपलाच आंबोलीचा डोंगर, आणि सूर्य त्या डोंगरामागनं वर येतोय. मी नुसता बघत राहिलो. एवढी वर्षं मी हे गाव पाठीमागनं बघत होतो! आपण घाटानं येतो म्हणजे परसदारानं शिरतो. बंदराच्या गावाचं तोंड पाण्याकडं असतं, धक्का हा त्याचा सोपा, म्हणजे ओसरी, आलेल्या माणसाला पहिलं तिथंच बसवायचं.

आणि वेंगुर्ला आपल्याला परकं नव्हेच. सतराव्या शतकात डचांनी तिथं वखार घातली, तिच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत, १८१२ मध्ये ते सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडं गेलं, आणि पुढं बेळगावला कॅम्प पडला तेव्हा सगळा माल, सगळी पलटण याच बंदरात उतरून घाट चढून वर यायची. बेळगावचं बंदर कुठलं म्हणून विचारलं असतं तर त्या काळातल्या माणसानं वेंगुर्लाच सांगितलं असतं. १८८० च्या दशकात लोंढ्यावरून मुरगावला रेल्वे गेली आणि माल तिकडं वळला, वेंगुर्ल्याची वर्दळ कमी होत गेली. रस्त्याचं नाव तेवढं राहिलं, आपण अजून वेंगुर्ला रोडच म्हणतो. आणि हो, काजूची रोपं. चंदगड-खानापूरकडं कुणालाही विचारा, वेंगुर्ला चार, वेंगुर्ला सात. गावाचं नाव आपल्या बांधाबांधावर लावलंय आणि गावाचं तोंड आपण पाहिलेलं नाही.

तर विचारायचं एवढंच, की तुमच्यापैकी कोण कोण असं बंदराच्या जुन्या गावाला होडीनं, लाँचनं, फेरीबोटीनं, आगबोटीनं गेलंय? लहान असो मोठा असो, जसं झालं तसं सांगा.


निपाणीची सून

दादा तुम्ही लिहिलेलं वाचून लगेच मालवण आठवलं. आमच्या भिशीच्या आम्ही चौदाजणी आणि माझ्या सासूबाई, वय ७१, गुडघे दुखतात, समुद्र जन्मात पाहिला नव्हता. देवगड-निपाणी रस्ता आमच्या गावातनंच जातो, म्हणजे रस्त्याच्या पाटीवर समुद्राचं गाव रोज वाचायचं आणि जायचं कधी नाही. तो फोंडाघाट उतरून मालवणला पोचलो आणि धक्क्यावर आलो तर सासूबाईंनी होडी बघूनच पाय मागं घेतला. "मी न्हाई येत बाई, मी हितंच बसतो, तुमी जाऊन या." आमच्याकडं बायका जातो-येतोच म्हणतात, बाहेरच्यांना नवल वाटतं.

होडीवाला तांडेल ऐकत होता. तो म्हणाला, "आजी, खंयसून इलात?" सासूबाई म्हणाल्या निपाणीचं. तर तो हसला आणि म्हणाला "तंबाखूच्या गावासून!" आणि हात पुढं केला, "पाय हयसर ठेवा, घाबरा नको." सासूबाईंनी उमेदीची तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत काढलीत, आपल्या गावाची ओळख ह्या माणसाला समुद्रावर बसून माहीत आहे म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला. बसल्या.

किनारा ते सिंधुदुर्ग अंतर असं काय फार नाही पण पाण्यात खडकच खडक, काही वर दिसतात, काही नुसत्या फेसावरनं ओळखायचे, आणि तांडेल गप्पा मारत मारत त्यातनं होडी अशी काढतो की जणू आपल्या गल्लीतनं चाललाय. शत्रूच्या मोठ्या गलबतांना ह्या खडकांतनं वाट सापडत नव्हती हे पुस्तकात वाचलं होतं, त्या दिवशी होडी डावी-उजवीकडं वळताना अंगाला कळलं. तट जवळ येत जातो पण दार काय दिसत नाही, वाटतं आता भिंतीलाच लागतोय, आणि मग एका वळणावर एकदम दरवाजा.

किल्ल्याचं बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ ला सुरू झालं, तीन वर्षांत उभा राहिला, पायाचे दगड शिसं ओतून बसवलेत. आत शिवराजेश्वराचं देऊळ, राजाराम महाराजांनी बांधलेलं, महाराजांची मूर्ती दाढीशिवाय, कोळ्याच्या टोपीतली. चुन्यातला महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा जपून ठेवलाय तिथं सासूबाई बराच वेळ नुसत्या उभ्या होत्या, हात जोडून, बोलल्या काहीच नाहीत. मला मात्र विहिरींचं सांगायचंय. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूला खारट समुद्र आणि मधे गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. त्यांनी ओंजळीनं पाणी प्यायलं आणि माझ्याकडं बघून "गोड हाय की गं" एवढंच म्हणाल्या. मार्च-एप्रिलमध्ये आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल याची वाट बघत ज्या बाईनं आयुष्य काढलं तिला त्या पाण्याचं मोल तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

परत येताना त्या होडीच्या पुढच्या फळीवर बसल्या, कुणाचा हात न धरता. मालवण समोर येत होतं, धक्का, होड्यांच्या रांगा, माड, मधनंच एखादं देवळाचं शिखर. म्हणाल्या, "सकाळी गाडीतनं आलो तवा असं नव्हतं, आता कसं दिसालंय बघ." म्हणजे दादा, तुम्ही जे म्हणता तेच.


टिळकवाडीचे आजोबा

मुलानं हा धागा दाखवला. टाइप तोच करतोय, मी सांगतोय.

माझं आजोळ वेंगुर्ला. मामा मुंबईत गिरणीत होता. १९६८ किंवा ६९ सालचा मे महिना, मी दहा वर्षांचा, मामाबरोबर मुंबईहून आगबोटीनं वेंगुर्ल्याला आलो. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी बोट सुटायची. डेकचं तिकीट. पहाटेपासून रांग, आणि फळी पडली की सगळे धावायचे, ज्याची सतरंजी आधी पसरली त्याची जागा. ट्रंका, फणस, पत्र्याचे डबे, कोंबड्या, पाळण्यातली पोरं. मामानं मला आधी पळवलं आणि मी सतरंजीवर आडवा पडून जागा धरली, तो माझ्या आयुष्यातला पहिला पराक्रम.

हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण. ही नावं मला शाळेच्या भूगोलातून नाही, बोटीच्या भोंग्यातून पाठ झाली. प्रत्येक बंदराबाहेर बोट खोल पाण्यात उभी राहायची, किनाऱ्याला लागायची नाही, भोंगा द्यायची आणि काठावरून पडाव, म्हणजे छोट्या होड्या, निघायचे. माणसं शिडीनं पडावात उतरायची. लाटेनं पडाव वर आला की खलाशी "आता!" म्हणून ओरडायचा आणि त्याच क्षणी पाय टाकायचा. उशीर केला तर पडाव खाली गेलेला असायचा. बायका लुगड्याचा काष्टा घट्ट करून उतरायच्या, तान्ही पोरं वरून खाली हातोहात दिली जायची, आणि मी एकही पोर पडलेलं पाहिलं नाही.

रत्नागिरी सोडल्यावर मला बोट लागली. मामानं लिंबू चोखायला दिलं आणि सांगितलं खाली बघू नको, लांबचा दिवा बघ. रात्रभर तसे किनाऱ्यावरचे दिवे बघत राहिलो, एक मागं पडला की पुढचा कधी दिसतो म्हणून. पहाटे मामानं हलवून उठवलं, वेंगुर्ल्याबाहेरच्या खडकांवरचा दिवा फिरत होता. म्हणाला, "आजी उठली असेल." काळोखात पडाव येत होते, प्रत्येकाच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, कंदील, आणि ते कंदील लाटांबरोबर वर-खाली. मी पडावात उतरलो ते खलाशाच्या गळ्याला मिठी मारूनच. धक्क्यावर आजी उभी होती, तिच्या हातात तांब्या होता आणि भाकरतुकडा, बोटीनं आलेल्या पोरावरून ओवाळून पाण्यात टाकायला.

पुढं रस्ते झाले, एसट्या वाढल्या, आगबोट बंद पडली. मी नोकरीनिमित्त बेळगावला आलो आणि इथलाच झालो. वेंगुर्ल्याला त्यानंतर शंभर वेळा गेलो असेन, पण आजीच्या घरी पोचलो असं जे वाटतं ते त्या एकदाच वाटलं. शहापूरचे तुम्ही जो दिवा पाहिलात तो आमच्या घराच्या माडीवरून दिसायचा.


अनगोळचा

आजोबा काय लिहिलंय तुम्ही, दोनदा वाचलो.

माझं छोटंसं हाय. आम्ही चौघं दोन बाईकवर, गोव्यातनं केरीला गेलालो, तितनं फेरीबोटीत बाईक घालून तेरेखोलला. नदी ओलांडायला पाच-दहा मिनिटं लागत्यात बस. पण मधोमध गेल्यावर एका बाजूला नदी, एका बाजूला उघडा समुद्र आणि वर समोर टेकाडावर किल्ला, आणि फेरीवाल्यानं इंजिन जरा हळू केलं तेव्हा नुसता वारा. सावंतवाडीकरांचा किल्ला, १७४६ ला पोर्तुगीजांनी घेतला. आत छोटं चर्च हाय, बाकीच्या भागात हॉटेल झालंय. १९५४ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रही हितं घुसून तिरंगा लावले, गोवा सुटायच्या सात वर्षं आधी. हे मला तितल्या म्हाताऱ्या माणसानं सांगितलं, आम्ही काय वाचून गेलो नव्हतो.

मला काय लागलं सांगतो. तेरेखोल नदीच्या त्या अंगाला हाय, पलीकडं लगेच रेडी-शिरोडा, म्हणजे महाराष्ट्र, पण ते गाव गोव्याचं. गावातली माणसं आपल्याच राज्यात जायला नदी ओलांडत्यात. आम्ही सीमेवर वाढलेली पोरं, आमचं घर एका राज्यात आणि मावशी-आत्या दुसऱ्या राज्यात, त्यामुळं फेरीत शेजारी उभी असलेली भाजी घेऊन चाललेली बाई काय जगते ते न विचारताच समजलं. तिनं विचारलं कुठले, बेळगावचे म्हटल्यावर "म्हणजे आमच्यासारखेच" म्हणाली. एवढंच.


म्हादईकाठ

मी खानापूर तालुक्यातला, जांबोटीकडचा. माझा अनुभव जरा लांब आहे, सांभाळून घ्या.

आमचे बाबा गोव्याला जाताना कणकुंबीला गाडी थांबवायला लावतातच. माउलीचं दर्शन, मग मलप्रभेच्या उगमाशी हातपाय धुवायचे. मग मुलांना सांगणार, ही मलप्रभा पूर्वेला जाते, कूडलसंगमाला कृष्णेला मिळते, आणि इथनं जरा पलीकडं भीमगडच्या रानात जो पाऊस पडतो त्याची म्हादई होते, ती पश्चिमेला जाते, गोव्यात तिलाच मांडवी म्हणतात. एकाच तालुक्यातलं पाणी, एक बंगालच्या उपसागराला आणि एक अरबी समुद्राला. त्या पाण्याच्या वाटणीवरून दोन्ही राज्यांत केवढं रान पेटलंय ते आपल्याला माहीतच आहे, त्यात मी आता शिरत नाही.

या खेपेला बाबांना नार्व्याला जायचं होतं, सप्तकोटेश्वराला. चोर्ला उतरून साखळी, डिचोली आणि नार्वे. हा देव गोव्याच्या कदंबांचा. आमच्या तालुक्यात हलशीला जे भूवराह नृसिंहाचं देऊळ आहे तेही याच कदंबांचं, म्हणजे घाटावर आणि घाटाखाली एकच घराणं नांदत होतं, आपल्यालाच ते आता दोन मुलूख वाटतात. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडलं आणि लोकांनी देव नदीपलीकडं नार्व्याला आणला, पुढं १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देऊळ बांधायला घातलं. आता २०२३ मध्ये पुन्हा त्याचा जीर्णोद्धार झालाय, बघण्यासारखं आहे, दीपमाळ तर आहेच.

दर्शन झाल्यावर सरळ रस्त्यानं पणजीला जायचं असं ठरलं होतं. पण देवळापासून जवळच फेरीबोटीचा धक्का आहे आणि समोर दिवाडी दिसते. बाबा म्हणाले, देव ज्या पाण्यावरून इकडं आला त्या पाण्यावरून आपण एकदा तिकडं जाऊया. मग काय, गाडी फेरीत. लहानशी फेरी, चार-पाच गाड्या, बाकी स्कूटरवाले आणि शाळेची मुलं. बाबा कठड्याला धरून उभे. देव होडीत कसा ठेवला असेल, कशात गुंडाळला असेल, रात्र असेल की दिवस, वल्हं कुणाच्या हातात असेल, त्या घरातल्या पोरांना पुढं काय सांगितलं असेल, असं ते एकेक बोलत होते, आम्हाला नाही, स्वतःशीच. माझा मुलगा, जो गाडीत सारखा मोबाइल मागत होता, तो आजोबांचा हात धरून गप्प उभा होता.

दिवाडीवर भातशेतं, जुनी मोठी घरं, टेकडीवर चर्च, माणसं कमी. बेट पार करून दुसऱ्या बाजूला आलो की दुसरी फेरी, ती थेट जुन्या गोव्याला. मंडळी, जुनं गोवं आपण सगळे बघतो ते बसनं उतरून, पार्किंग, चर्च, फोटो. पाण्यावरनं ते वेगळंच. आधी नुसती हिरवी झाडी, आणि त्या झाडीतनं एक घुमट वर येतो, मग मनोरे, मग आणखी एक. शहर दिसतच नाही, नुसते मनोरे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी आदिलशहाकडून घेतलेलं, एके काळी पूर्वेकडच्या व्यापाराचं राजधानीचं शहर, तापानं आणि रोगराईनं ओस पडलं, १८४३ मध्ये राजधानी पणजीला गेली ती गेलीच. फेरी धक्क्याला लागते आणि समोर रस्त्यावरच व्हाइसरॉयची कमान. वास्को द गामाचा पणतू इथं व्हाइसरॉय होता, त्यानं १५९७ च्या सुमाराला पणजोबाच्या नावानं बांधली, नदीकडच्या अंगाला वास्को द गामाचा पुतळा आहे. पोर्तुगालहून येणारा प्रत्येक नवा अधिकारी नदीतनं यायचा आणि याच कमानीखालनं शहरात शिरायचा. पुतळा नदीकडं बघत उभा आहे, कारण माणसं तिकडूनच येणार होती! बसनं जाणाऱ्याला ही कमान रस्त्याच्या टोकाला कुठंतरी एकटी उभी वाटते. पाण्यावरनं आलो तेव्हा ती दरवाजा होती.

फेरीतनं गाडी काढल्यावर बाबा उतारावर खाली वाकले आणि ओंजळीत पाणी घेऊन तोंडाला लावलं. खारट होतं. भरती होती तेव्हा. म्हणाले, "आपल्या रानातलंच हाय, हितवर येईस्तोवर समुद्र लागला त्याला." मग कमानीखालनं चालत गेले, आम्ही गाडी घेऊन मागनं.

पायी जाणाऱ्यांना गोव्यातल्या या फेऱ्यांना तिकीट नसतं, तेव्हा कुणाला जायचं असेल तर खर्चाचा विचारच करू नका.


संकेश्वरचा मास्तर

निपाणीच्या ताईंनी न दिसणाऱ्या दाराचं लिहिलंय म्हणून सांगतो. मी मराठी शाळेत शिकवतो. काही वर्षांपूर्वी सहल मुरूड-जंजिऱ्याला नेली होती, चाळीस पोरं, त्यातली अर्धी ऊसतोडणाऱ्यांची आणि शेतमजुरांची. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या सुटतात. माझी स्वतःची झोप आदल्या रात्री उडाली होती, कारण दुसऱ्याची पोरं पाण्यावर न्यायची म्हणजे काय ते मास्तरच जाणे. प्रत्येकाच्या अंगात जॅकेट घातलेलं मी स्वतः हातानं ओढून पाहिलं, दोन होड्यांना दोन वेळा मोजणी.

सुटताना पोरांचा नुसता कल्ला. मग खलाशानं शीड वर चढवलं, ते फडफडलं आणि एकदम वारा भरून ताठ झालं आणि होडी आवाज न करता पुढं सरकायला लागली. इंजिन नाही, काही नाही. चाळीस पोरं गप्प! मी वर्गात काठी आपटूनही कधी एवढी शांतता मिळवलेली नाही. विज्ञानाच्या पुस्तकात वाऱ्याची ऊर्जा म्हणून दोन ओळी आहेत, त्या मी दहा वर्षं शिकवत होतो, त्या दिवशी मलाही समजल्या.

जंजिरा समोर आला तरी दार दिसत नाही. बुरूज, बुरूज, नुसते बुरूज. पोरांना मी आधीच सांगितलं होतं की जो पहिल्यांदा दार ओळखेल त्याला बक्षीस. अगदी जवळ गेल्यावर, दोन बुरुजांच्या आड, शेवटच्या बाकावर बसणारा आमचा एक पोरगा ओरडला "सर, दार!" त्याला अक्षरओळख अजून नीट नव्हती, पण दार त्यानं ओळखलं. दारावर वाघानं हत्ती धरलेत ते शिल्पही त्यालाच आधी दिसलं. सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना, इंग्रजांना, कुणालाच जिंकता आला नाही. महाराजांनी त्याच्यावर नजर ठेवायला समोर पाण्यात पद्मदुर्ग उभारला तोही होडीतनं दिसतो. कलालबांगडी तोफ पोरांनी हातानं मोजली, आत गोड्या पाण्याचे तलाव पाहिले.

बक्षीस म्हणून त्या पोराला परतीच्या होडीत खलाशाशेजारी बसायला मिळालं, सुकाणूला हात लावायला मिळाला. तो आता संकेश्वरातच ट्रॅक्टर चालवतो. भेटला की अजून तेवढंच विचारतो, सर, परत कधी?


शहापूरचा

सगळ्यांचे आभार, मी दुकानात बसून वाचतोय आणि गिऱ्हाईक थांबलंय. मास्तर, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं.

मधेच एक सांगून ठेवतो, दोघांनी व्यक्तिगत विचारलंय म्हणून. पावसाळ्यात, मे अखेरीपासूनच, किल्ल्याच्या होड्या बंद असतात, नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय आणि समुद्र शांत झाल्याशिवाय प्लॅन करू नका. कुणी "चला मी नेतो" म्हटलं तरी त्या दिवसांत जाऊ नये, हे मी हात जोडून सांगतो. सकाळी लवकर जा, दुपारनंतर वारा वाढतो. जॅकेट द्या म्हणून मागून घ्या, लाजू नका. बोट लागत असेल तर रिकाम्या पोटी नको आणि भरपेट तर नकोच, आजोबांचं लिंबू आणि लांबचं बघणं हा इलाज अजून चालतो.


वडगाव हातमाग

मी उशिरा लिहितेय. तुम्ही सगळे गावात पाण्यावरून कसं शिरलो ते सांगताय, माझ्या आईचं उलटं आहे. ती पाण्यावरून गावातनं बाहेर पडली.

आईचं माहेर कारवार. लग्न झालं तेव्हा काळी नदीवर पूल नव्हता. बेळगावला यायचं म्हणजे आधी कोडीबागेतनं पलीकडं सदाशिवगडला जायचं आणि मग जोयडा-लोंढ्याचा रस्ता. वऱ्हाड लाँचमध्ये बसलं. आई सतरा वर्षांची, नवी साडी, शेजारी नवरा ज्याच्याशी अजून एक शब्द बोललेली नाही, वडगावच्या मागावरचा विणकर. ती सांगते की सगळे नवरीला सांगत होते पुढं बघ, आणि ती मागंच बघत राहिली. कारवारचा किनारा, सुरूची झाडं, पलीकडं बंदराकडचे डोंगर, सगळं बारीक होत जाताना. रस्त्यानं गेली असती तर एका वळणावर गाव नाहीसं झालं असतं, पाण्यावर तसं होत नाही, गाव सुटता सुटत नाही, म्हणते ती.

मग ऐंशीच्या दशकात पूल झाला. ती माहेरी जायची ती एसटीनं, पुलावरनं, मिनिटभरात. २०२४ च्या ७ ऑगस्टला तो जुना पूल रात्री नदीत कोसळला, एक ट्रक खाली गेला, चालकाला मच्छीमारांनी आणि पोलिसांनी वाचवलं. टीव्हीवर बघून आई दिवसभर गप्प होती. रात्री म्हणाली, मला एकदा होडीनं जायचंय.

डिसेंबरात नेलं. सदाशिवगडच्या बाजूनं एक होडीवाला तयार झाला, नदीच्या मुखाशी फिरवून कोडीबागेला सोडतो म्हणाला. वर सदाशिवगडाचा डोंगर, पाणी इतकं स्थिर की त्यात डोंगर उलटा दिसत होता. रवींद्रनाथ टागोर तरुणपणी कारवारला भावाकडं राहिले होते, भाऊ सत्येंद्रनाथ तिथं जज्ज होते, आणि याच नदीतनं होडीनं वर जाऊन किल्ला बघून रात्री चांदण्यात परतल्याचं त्यांनी आपल्या आठवणीत लिहिलंय. मी ते आईला सांगत होते. ती ऐकत होती की नाही माहीत नाही. तिची नजर समोर होती.

किनारा जवळ यायला लागला तशी ती एकेक ओळखायला लागली, ते तिकडं आमच्या शाळेचं वळण, त्या झाडांच्या मागं मासळी बाजार, आणि जे आता नाही तेही दाखवत होती, तिथं धक्का होता, तिथं बाबा उभे होते. लाँच सुटताना आजोबा जिथं उभे राहिले होते ती जागा तिनं बोटानं दाखवली. होडी वाळूला लागली. होडीवाल्यानं कोकणीत म्हटलं "सावकास, आवय," आणि आईनं कोकणीतच उत्तर दिलं. घरात आम्ही मराठी बोलतो, बाहेर कानडी, मी तिच्या तोंडून कोकणी इतक्या सहज कधी ऐकलेली नव्हती. पाण्यात घोट्यापर्यंत उतरली, साडी वर धरली नाही, भिजू दिली, आणि वाळूवर जाऊन नदीकडं तोंड करून उभी राहिली, मी अजून होडीतनं उतरायची होते, मला हात देण्यासाठी.